बाबांच्या छापखान्याचे खिळे: विकू, ठेवू की भिंतीवर लावू?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, आधीच सांगून ठेवते.

कराडला आमचा छापखाना होता. वेगळी जागा वगैरे काही नाही. घराच्या पुढच्या सोप्यात ट्रेडल मशीन, मधल्या खोलीत खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या शिसे-अक्षरांच्या केसी (खणाखणांचे लाकडी ट्रे), आणि उरलेल्या जागेत आम्ही चौघं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, पावतीपुस्तकं, जत्रेतल्या कुस्त्यांची हँडबिलं, दशक्रियेची पत्रं. दशक्रियेचं काम आलं की बाबा ताटावरून उठायचे, कारण ती पत्रं त्याच दिवशी एसटीने गावोगाव गेली पाहिजेत. आमच्या कोणाच्या वाढदिवसाला ते ताटावर वेळेत बसल्याचं मात्र मला आठवत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी डीटीपी (संगणकावरची जुळणी) आणि ऑफसेट छपाई घरोघरी झाली आणि काम आटलं. ट्रेडल भंगारात गेलं. खिळे बाबांनी जाऊ दिले नाहीत. "लागतील कधीतरी" म्हणत केसींवर जुन्या चादरी टाकून ठेवल्या. आता बाबा नाहीत, घर विकलंय, दिवाळीच्या आत रिकामं करून द्यायचंय.

माल असा: चौदा केसी, १२, १६ आणि २४ पॉइंटचे खिळे, त्यातल्या दोन केसींत नुसती जोडाक्षरं. लाकडावर ठोकलेले जस्ताचे ब्लॉक, म्हणजे गणपती, कलश, सनई-चौघडा आणि एक पैलवान. हा एकच पैलवान तालुक्यातल्या झाडून सगळ्या जत्रांमध्ये लढलाय. शिवाय ओळ जुळवायची स्टिक, ओळी ठेवायच्या गॅल्या, मजकूर आवळायची चौकट म्हणजे चेस आणि बाबांच्या नमुन्यांचा एक जाडजूड आल्बम.

घरात तीन मतं आहेत. दादा म्हणतो, किलोवर विकून टाक, शिशाला भाव आहे. माझी लेक डिझाइन शिकते, तिला रेझिनमध्ये खिळे ओतून दिवे करायचेत, गळ्यातली पेंडंटं करायचीत, आजोबांची आठवण म्हणून. आणि आई, वय ८१, म्हणते: "त्या माझ्या पाटल्या आहेत. वजन करा आणि द्या."

पाटल्यांचं असं आहे. १९७८ साली बाबांनी फाउंड्रीतून, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्यातून, नवा टाइप (खिळे) आणला. टाइप तेव्हा वजनावर मिळायचा. पैसे कमी पडले, आईच्या पाटल्या गेल्या. "दोन लग्नसराया होऊ देत, करून देतो" असं ठरलं होतं. लग्नसराया बऱ्याच झाल्या.

लोकांना छापखाना म्हटलं की शाईचा वास आणि ट्रेडलची लय आठवते. मला ट्रेडलचा आवाज आठवला की भांडण आठवतं. आई-बाबा भांडायचे ते मशीन चालू करून, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. आम्ही पोरं मशीन सुरू झालं की आधी छपाईला कागद लावलाय का ते बघायचो. कागद नसला की समजायचं.

तर प्रश्न: ज्या वस्तूंवर जीवही आहे आणि रागही, त्यांचं काहीतरी घडवून त्यांच्यातून मोकळं होता येतं का? की कलाकृती ही वस्तू घरात ठेवून घ्यायची नवी सबब? कोणी असं काही केलं असेल तर सांगा. गुळगुळीत सल्ला नको, काय केलं ते सांगा. शिशाबद्दल कोणाला माहिती असेल तर तीही हवी आहे.

पक्या सोलापूरकर:

ताई, तुमचे दादा बरोबर बोलतायत. फक्त नुसतं 'शिसं' म्हणून देऊ नका. खिळ्यांत शिशाबरोबर अँटिमनी आणि कथील असतं, त्याचा भाव वेगळा पडतो. दोन-तीन ठिकाणी विचारा. बाकी भावनांचं मला फारसं कळत नाही. आमच्या वडिलांची लूना होती, ती विकली, दारात जागा झाली.

जुना जुळारी:

ताई, मी कोल्हापुरात खिळे जुळवण्यात उमेदीची वर्षं घातली, त्यामुळे अधिकाराने बोलतो. आधी धोक्याचं.

घरात वितळवू नका. गॅसवर कढई ठेवून करणारे महाभाग मी पाहिलेत. टाइपाची धातू नुसत्या शिशापेक्षाही कमी उष्णतेवर वितळते म्हणून लोकांना सोपं वाटतं. त्याची वाफ वाईट, आणि वर जी राखेसारखी मळी येते ती त्याहून वाईट.

केसी उघडाल तेव्हा काही खिळ्यांवर पांढरी भुकटी दिसेल. ती बुरशी नव्हे. लाकडातून आंबट वाफ निघते, त्यात कोंदट दमट हवा मिळाली की शिसं असं गंजतं. वर्षानुवर्षं चादरीखाली झाकलेल्या केसी म्हणजे भुकटी असणारच. झाडू लावू नका, फुंकर मारू नका. (आम्ही जन्मभर फुंकरच मारली, ते सोडा.) मास्क आणि हातमोजे घालून ओल्या फडक्याने टिपा, फडकं टाकून द्या, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय चहासुद्धा घेऊ नका. भुकटीवाले खिळे वेगळ्या डब्यात, झाकण लावून. घरात लहान मूल असेल तर तो डबा घरातच नको.

लेकीला सांगा, पेंडंट नाही. घाम लागणारी, अंगाला घासणारी वस्तू शिशाची करू नये. रेझिनमध्ये पूर्ण बुडवला तर हाताला लागणार नाही हे खरं, पण मला ते पटत नाही. रेझिनमधला खिळा म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत ठेवलेला विंचू. दिसतो सगळा, करत काही नाही.

माझं म्हणणं, एकदा छापा. मशीन गेलं म्हणून अडत नाही. प्रूफ, म्हणजे तपासायची पहिली छाप, आम्ही हातानेच काढायचो. खिळ्याची उंची ०.९१८ इंच, बारा पॉइंट असो की चोवीस, उंची तीच, म्हणून तर ते एकत्र छापता येतात. मजकूर स्टिकमध्ये जुळवा. डावीकडून उजवीकडेच जुळवायचं, पण अक्षर डोक्यावर उभं राहील आणि अंगावरची खाच वरच्या बाजूला दिसेल असं. एखादी खाच खाली गेली की तो खिळा उलटा बसला समजा. ओळ भरली की गॅलीत घ्या, चेसमध्ये लाकडाच्या पट्ट्या घालून सैलसर आवळा. वर सपाट लाकूड ठेवून हलकेच ठोका, म्हणजे वर आलेले खिळे खाली बसतील, मग घट्ट आवळा. लिनोकटवाले वापरतात ती तेलाची शाई चालेल, रोलरने अगदी पातळ लावा. नवखा माणूस शाई जास्त लावतो, मग 'ष' आणि 'प' एकच दिसतात. कागद किंचित दमट हवा. वर दुसरा कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासा. मधूनच एक कोपरा उचलून बघा, पण कागद हलू देऊ नका.

आणि छापून झालं की मजकूर मोडायचा, प्रत्येक खिळा आपापल्या घरात, म्हणजे केसीतल्या खणात, परत टाकायचा. आमच्या धंद्यात निम्मा वेळ त्यातच जायचा. सकाळी ज्या खिळ्यांनी कोणाची लग्नपत्रिका जुळवली त्याच खिळ्यांनी संध्याकाळी कोणाच्या दशक्रियेचं पत्र. कंपोझिटरने, म्हणजे जुळाऱ्याने, मजकुरात गुंतायचं नसतं, गुंतला की चुका होतात.

आल्बममधला एखादा नमुना टाका इथे. टाइप बघायचाय. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या वळणाचा असेल तर मला फार आनंद होईल. त्याचे मालक जावजी दादाजी यांच्यासाठी राणोजी आरूंनी पोलादात ती अक्षरं कोरली, आणि पुढे कितीतरी वर्षं मराठी-संस्कृत छपाईला तोच आदर्श होता.

कृष्णाकाठ:

काका, मनापासून आभार. भुकटी आहे, तळाच्या चार केसींत भरपूर. लेक पेंडंटवरून उतरली, दिव्यावर अजून अडून आहे. आल्बमचा फोटो टाकते. छापायची कल्पना आवडली, पण काय छापू? "बाबांच्या स्मृतीस" असलं काही मला जमणार नाही.

लंडनची जाऊबाई:

मी हॅमरस्मिथला राहते, म्हणून ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घराजवळच्या पुलावरून एका म्हाताऱ्याने आपला सगळा टाइप थेम्समध्ये फेकला होता. अगदी खरी गोष्ट. टी. जे. कॉबडेन-सँडरसन, डव्ह्ज प्रेस या छापखान्याचा मालक. भागीदार एमरी वॉकरशी बिनसलं. करार असा झाला की जो मागे राहील त्याला टाइप मिळणार. सँडरसन वयाने मोठा, म्हणजे टाइप वॉकरकडे जाणार हे उघड होतं. ते त्याला सहन होईना. १९१६ चा ऑगस्ट ते १९१७ चा जानेवारी, पंचाहत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ रात्रीच्या अंधारात पुलावर जायचा आणि थोडे थोडे खिळे नदीत सोडायचा. सगळं मिळून टनाच्या वर वजन.

नदीला अर्पण केले असं तो आपल्या रोजनिशीत फार भक्तिभावाने लिहितो. मला मात्र त्यात भक्ती कमी आणि खुन्नस जास्त दिसते. आणि पुढचं ऐका: तो १९२२ मध्ये गेला, वॉकरने दावा लावला, आणि भरपाई द्यावी लागली ती त्याच्या बायकोला. तुमच्या आईंना ही गोष्ट जरूर सांगा.

२०१४ मध्ये रॉबर्ट ग्रीन नावाच्या डिझायनरने पाणबुड्यांकडून पुलाखाली शोध घेतला, दीडशे खिळे सापडले. शंभर वर्षांनी! तेव्हा कृष्णा-कोयनेच्या संगमात विसर्जन वगैरे डोक्यात असेल तर काढून टाका. शिसं पाण्यात टाकायचं नाही हे आहेच, शिवाय सुटका होतेच असं नाही.

दुसरं टोकही इथलंच. २००१ मध्ये मायकेल लँडी या चित्रकाराने ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका बंद पडलेल्या दुकानात स्वतःच्या मालकीच्या सगळ्या, ७,२२७ वस्तूंची यादी केली आणि लोकांसमोर पट्ट्यावरून फिरवून त्यांचा चुरा केला. गाडी, पासपोर्ट, मोजे, सगळं. त्यात त्याच्या वडिलांचा मेंढीच्या कातड्याचा कोट होता, आणि तोच त्याला सगळ्यात जड गेला. यादी तेवढी उरली. मला ही यादीची गोष्ट आवडते. तुमच्या केसींची यादीसुद्धा छापता येईल की.

ड्रॉइंग मास्तर:

मूळ प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, म्हणून जरा वाकडं बोलतो. कृष्णाकाठ, मोकळं नक्की कोणाला व्हायचंय? तुम्हाला, लेकीला की आईंना? लेकीला आजोबांची आठवण हवी आहे, तिला ते भांडण माहीत नाही. दादांना जागा हवी. कर्ज मात्र एकाच माणसाचं थकलंय, आणि तिने सरळ हिशोब मागितलाय. तुम्ही सगळे तिला भावना समजावून सांगताय.

बेजिंगच्या सोंग डोंग या कलावंताचं काम बघा. वडील २००२ मध्ये गेले आणि आईने घरातलं काहीच टाकायचं बंद केलं. साबणाच्या वड्या, टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबा, बाटल्यांची झाकणं, चिंध्या, चपला. पोरं साफसफाई करायला गेली की भांडण. शेवटी मुलाने आईलाच सांगितलं, आपण याचं प्रदर्शन करू, मांडायचं तू. २००५ मध्ये दहा हजारांच्या वर वस्तू एका दालनात मांडल्या, घराच्या लाकडी सांगाड्यासकट. मांडणी आईची. लोक यायचे, ती त्यांच्याशी एकेका वस्तूबद्दल बोलत बसायची. वर निऑनमध्ये मुलाने लिहिलं होतं: बाबा, काळजी करू नका, आई आणि आम्ही सगळे बरे आहोत. पुढे ते न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयातही गेलं. माझ्या लेखी त्यात सोंग डोंगची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे त्याने आईच्या हातातून काही काढून घेतलं नाही, तिला कामाला लावलं.

उलट उदाहरण आपल्या पुण्यातलं. दिनकर केळकरांचा लहानगा राजा गेला आणि त्यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या दिवे-अडकित्त्यांच्या संग्रहाला त्याचं नाव दिलं. तिथे सोडून देणं नाहीच, वाढवत नेणं आहे. तेही चांगलंच झालं, नाहीतर आपल्याला ते अडकित्ते कुठे दिसले असते? तेव्हा सोडलंच पाहिजे असा नियम नाही. पण तुमच्या घरात सोडण्याआधी देणं आहे. काय छापू हे आईंना विचारा.

पक्या सोलापूरकर:

मास्तर, पटलं. वजनाचे पैसे आईंना द्या, विषय संपला.

कृष्णाकाठ:

उशिरा लिहितेय, घर रिकामं करण्यात दिवस गेले. काय झालं ते सांगते.

आईला विचारलं, छापखान्यात शेवटचं काही छापायचंय, काय छापू? तिने भाजी निवडणं न थांबवता सांगितलं, "पावती."

सगळ्यांच्या पावत्या छापल्या, मला दिली नाही, म्हणाली. मग तिनेच मजकूर सांगितला, आणि तो ऐकताना कळलं की तिला बाबांच्या पावतीपुस्तकाचा मसुदा तोंडपाठ आहे. पावती क्रमांक १. दिनांक. सौ. अमुक अमुक यांजकडून सोन्याच्या पाटल्या नग दोन, वजन तोळे चार, टाइपखरेदीकामी मिळाल्या. परतफेड: बाकी. खाली प्रोप्रायटर.

जुळवायला दादा आणि मी बसलो. लहानपणी सुट्टीत खिळे परत टाकायचं काम आमच्याकडे असायचं, त्यामुळे घरं हाताला आठवत होती. डोक्याला विचारलं की चुकायचं. लेकीला शाईवर बसवली. 'बाकी' आईला २४ पॉइंटमध्ये हवं होतं. दादा म्हणाला एवढं मोठं कशाला, अहवालाचं शीर्षक आहे का? आई म्हणाली, मोठंच आहे.

पहिल्या कागदावर शाई जास्त झाली, जुळारी काकांनी सांगितलं होतं तसंच, 'पाटल्या' वाचता येईना. मग जमलं. अक्षरं थोडी खालीवर, एका बाजूला दाब कमी. पण कागदाच्या पाठीवरून बोट फिरवलं की प्रत्येक अक्षर लागतं. ऑफसेटला ते नाही.

आईने चष्मा लावून वाचली आणि म्हणाली, "रेव्हेन्यू तिकीट कुठाय?" दादा पोस्टात जाऊन तिकीट घेऊन आला. मग सही कोणाची, यावर सगळे गप्प. शेवटी दादाने प्रोप्रायटरच्या वर 'करिता' लिहिलं आणि तिकिटावर आडवी सही केली. बँकेत जन्म गेला त्याचा, सही आपोआप आडवी पडते.

ती पावती आता आईच्या कपाटात आहे, विम्याच्या कागदांबरोबर. फ्रेम नको म्हणाली, फ्रेम केली की कोणीतरी विचारणार. उरलेल्या प्रती आम्ही दोघांनी घेतल्या. यादीची कल्पना लंडनच्या ताईंची, तीही छापली, चौदा केसी आणि ब्लॉकांच्या नावांसकट. ती लेकीने कॉलेजात लावली आहे. पैलवानाच्या ब्लॉकवरून दादाचं आणि माझं भांडण झालं. चमच्याने घासण्याचा आवाज होत नाही, त्यामुळे ते सगळ्या आळीने ऐकलं. पैलवान माझ्याकडे आहे.

मोकळं वाटलं का, म्हणाल तर बाबांबद्दलचा राग फारसा कमी झालेला नाही. पण तो आता माझ्या वाटचा तेवढाच आहे. आईचा तिने कागदावर आणलाय, तो मी वागवायची गरज नाही.

भुकटीच्या केसी पक्यांच्या सल्ल्याने तीन ठिकाणी भाव विचारून विकल्या. पैसे आईला दिले, तिने मोजून घेतले आणि चार तोळ्यांच्या आजच्या भावाशी ताडून बघितले. जे उत्तर आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चांगल्या केसी लेकीच्या कॉलेजने घेतल्या, तिथे हाताने छपाई शिकवतात. रेझिनचा दिवा झाला नाही.

जोडाक्षरांच्या दोन केसी मात्र कॉलेजला नको होत्या, जागा नाही म्हणाले. कोणाला हव्या आहेत का? खिळे साफ केलेत, भुकटी नाही. फुकट देणार, फक्त छापणाऱ्यालाच.

लंडनची जाऊबाई:

'करिता'! मी ऑफिसात बसून एकटीच हसतेय. आईंना नमस्कार सांगा.

जुना जुळारी:

ताई, दोन्ही केसी मला द्या. आमच्या गल्लीतल्या शाळेत मुलांना दाखवायला एक लहान हातप्रेस दुरुस्त करून ठेवलाय, साधी अक्षरं जमवली, जोडाक्षरांवाचून अडलंय. परवा 'क्षमा' छापायचं होतं, शेवटी मुलीचं नाव बदलून 'रमा' केलं. कुरिअर करू नका, वाटेत सगळे खिळे एकमेकांत मिसळले तर निवडता निवडता माझं उरलेलं आयुष्य जाईल. मी नातवाला घेऊन गाडीने येतो. रविवार चालेल का? आणि 'ज्ञ' किती आहेत तेवढं बघून ठेवा, तो सगळ्या छापखान्यांत कमी पडायचा.